किशोर-कादंबऱ्यांतली मोठी माणसं: तुमचं काय मत?

शाईचा_डाग

मी चौदा ते सतरा वयाच्या मुलांबरोबर कादंबऱ्या वाचते. पुस्तक मुलं निवडतात, मी तेच वाचते आणि मग आम्ही बसून बोलतो. त्यामुळे खुनाची रहस्यं, जादूची राज्यं, प्रेमकथा, कवितेत लिहिलेल्या कादंबऱ्या, भविष्यातल्या हुकूमशाह्या असं सगळं वाचून होतं. या वाचनातून माझं एक मत पक्कं होत चाललंय आणि इथे बरेच जण यंग अडल्ट, म्हणजे किशोरांसाठीची पुस्तकं वाचणारे आहेत, म्हणून विचारते. किशोरांसाठीची कादंबरी कितपत चांगली आहे हे मी आता तिच्यातल्या मोठ्या माणसांवरून ओळखते. नायिका सोळा वर्षांची असते, ते ठीक. पण तिची आई कोण आहे? काका, शिक्षक, शेजारी ही माणसं आहेत, की दार उघडायला आणि पैसे द्यायला ठेवलेली पात्रं?

मोठ्यांना बाजूला काढणं लेखकाला सोयीचं असतं. जेनिफर लिन बार्न्सची 'द इन्हेरिटन्स गेम्स' (२०२०) घ्या. एव्हरीची आई वारलेली, वडील असून नसल्यासारखे, आणि एक अनोळखी अब्जाधीश मरताना जवळजवळ सगळी संपत्ती तिच्या नावावर करून जातो. पुढे कोडी, गुप्त वाटा, चार नातू. आमच्या गटातल्या मुलांनी ती झपाटून वाचली, मीही वाचली, आणि कोडी रचण्यातलं तिचं कौशल्य मला मान्य आहे. पण त्या म्हाताऱ्याच्या दोन मुलींना वारसा डावलला गेल्याचं दुःख आहे की नुसता राग, हे पुस्तक मिटल्यावर मला सांगता येईना. कथानकाला त्यांच्याकडून अडथळ्याखेरीज काही नकोच होतं.

याउलट अँजी थॉमसची 'द हेट यू गिव्ह' (२०१७). स्टारच्या डोळ्यांसमोर तिचा मित्र खलील पोलिसाच्या गोळीने मरतो, हे बहुतेकांना माहीत असेल. मी त्या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जाते ते तिच्या घरासाठी. वडील मॅव्हरिक एकेकाळी टोळीत होते, तुरुंगात जाऊन आलेत, आता किराणा दुकान चालवतात. पोलिसाने अडवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा हे त्यांनी मुलीला ती बारा वर्षांची असतानाच शिकवून ठेवलंय. आई लिसा नर्स आहे आणि तिला ही वस्ती सोडायची आहे. नवऱ्याला वाटतं, आपण निघून गेलो तर इथे उरलेल्यांचं काय? हा वाद नवरा-बायकोचा आहे आणि स्टार तो ऐकत मोठी होते. शिवाय मामा कार्लोस, जो स्वतः पोलीस आहे. वडील तुरुंगात असताना स्टारला आधार दिला तो त्याने. तो आधी आपल्या सहकाऱ्याची बाजू घेऊन बोलतो, पण हळूहळू त्याला ते स्वतःलाच पटेनासं होतं. कार्लोस नसता तर हे पुस्तक दोन बाजूंच्या भांडणाचं झालं असतं. तो आहे म्हणून स्टारला कुठलाच राग सोपा राहत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. गेल्या काही वर्षांत लेखक मागे जाऊन त्याच मोठ्या माणसांचं किशोरवय लिहू लागलेत. थॉमसने 'काँक्रीट रोझ' (२०२१) मध्ये मॅव्हरिकलाच सतरा वर्षांचा करून आणलं: टोळीतला मुलगा, आणि एक दिवस कळतं की एका बाळाचा बाप आपण आहोत. सुझान कॉलिन्सच्या 'सनराइझ ऑन द रीपिंग'ने (२०२५) हेमिचला आणलं. हुकूमशाही राजवट मुलांना सोडतीने निवडून रिंगणात एकमेकांना मारायला लावते ती 'हंगर गेम्स' मालिका, आणि तिच्यात कायम दारूच्या नशेत दिसणारा, खेकसणारा तो हेमिच. इथे त्याच्या सोळाव्या वाढदिवशीच सोडत निघते, आणि त्या वर्षी प्रत्येक विभागातून दुप्पट, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मुलं रिंगणात जायची असतात. आमच्या गटातला एक मुलगा ते संपवून म्हणाला, "आता मला त्याच्या बाटलीचा राग येत नाही." मला या एका वाक्यासाठी ते पुस्तक महत्त्वाचं वाटतं. पंधराव्या वर्षी समोरच्या पन्नाशीच्या माणसालाही कधीतरी पंधरावं होतं, हे सांगून कळत नाही. कादंबरी ते दाखवू शकते.

या सगळ्यांत माझं सर्वांत आवडतं सबा ताहिरचं 'ऑल माय रेज' (२०२२). त्याला त्या वर्षीचं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं आणि पुढच्या वर्षी किशोरांसाठीच्या पुस्तकांना दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कारही. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं एक गाव, सलाहुद्दीनच्या आईवडिलांचं मोडकळीला आलेलं मोटेल, आणि त्याची मैत्रीण नूर. सलाहुद्दीन आणि नूर आळीपाळीने बोलतात. पण मधेमधे तिसरा आवाज येतो तो मिसबाहचा, म्हणजे सलाहुद्दीनच्या आईचा: लाहोरमधली तरुण मुलगी, तिचं लग्न, देश सोडणं. मुलाला जे कधीच कळणार नाही ते वाचकाला कळत जातं. आणि नूरचा काका! पाकिस्तानातल्या भूकंपात ढिगाऱ्याखालून तिला हातांनी उकरून काढणारा तोच, आणि आता तिचं कॉलेज अडवणारा, तिच्यावर हात उचलणाराही तोच. ताहिर त्याला माफ करत नाही. पण तो ढिगारा विसरूही देत नाही. नूरला त्याचा द्वेष करायचा आहे आणि त्याच्याशिवाय ती जिवंतच नसती, या दोन गोष्टी घेऊन तिला घराबाहेर पडायचंय. सलाहुद्दीनचा बाप दारूत बुडालेला आहे, तरी पूर्ण वाईट नाही. सलाहुद्दीन मोटेल वाचवायला जे करतो ते चुकीचंच आहे आणि का करतो ते पानापानावर पटत जातं.

तर प्रश्न असा: तुम्हाला अशी मोठी माणसं कुठल्या कादंबऱ्यांत भेटली? विशेषतः फँटसी आणि रहस्यकथांत, कारण तिथे मला फारशी सापडत नाहीत. आणि माझं मत चुकीचं वाटत असेल तर तेही मोकळेपणी सांगा. फक्त शेवट फोडू नका, मुलं वाचतात हा धागा.

दुपारचा_वाचक

ताई, मिसबाहबद्दल पूर्ण सहमत. पण रहस्यकथेवर तुम्ही अन्याय करताय असं वाटतं.

पोलीस, पालक, शिक्षक कामाचे असतील तर सतरा वर्षांच्या मुलीने तपास करायचाच कशाला? मोठ्यांनी कमी पडणं ही या प्रकाराची पूर्वअट आहे. बघायचं ते एवढंच, की लेखक त्या कमी पडण्याची किंमत वसूल करतो का. हॉली जॅक्सनची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (२०१९) पाहा. पिपचे आईवडील प्रेमळ आहेत, घर हसतंखेळतं आहे. शाळेच्या प्रकल्पाच्या नावाखाली ती गावातलं पाच वर्षांपूर्वीचं, मिटलेलं मानलं गेलेलं खुनाचं प्रकरण उघडते. मुलाखतींचे उतारे, नोंदी, नकाशे असं सगळं कागदपत्रांतून पुढे सरकतं आणि वाचक स्वतःच तपासाला बसतो. पहिल्या भागात मोठे नुसते आजूबाजूला असतात, हे मान्य.

पण तिसरा भाग, 'अॅज गुड अॅज डेड' (२०२१), वाचलात का? कोणीतरी पिपच्या पाळतीवर आहे. ती पुरावे घेऊन पोलिसांकडे जाते आणि समोरचा अधिकारी ते मनावर घेत नाही. तिथून पुढे ती जे करते ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. पहिल्या भागातली हुशार, याद्या करणारी मुलगी इथवर आली कशी, तर वेळ आली तेव्हा एकाही मोठ्या माणसाने तिचं ऐकलं नाही म्हणून. तुम्हाला हवी तशी भरीव पात्रं इथे नसतील. त्यांच्या नसण्यातूनच लेखिकेने सगळा तिसरा भाग उभा केलाय.

जाता जाता: मूळ कादंबरी इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात घडते, पण अमेरिकन आवृत्तीत तेच गाव कनेक्टिकटमध्ये हलवलंय. शक्य असेल तर ब्रिटिश आवृत्ती वाचा. त्या गावाची सगळ्यांना सगळ्यांची खबर असण्याची सवय तिथे जास्त जिवंत आहे.

गच्चीवरची

काकू, मी सतरा वर्षांची आहे, म्हणजे ही पुस्तकं माझ्यासाठीच लिहिलेली आहेत, म्हणून बोलते.

मला असं वाटतं की मोठी माणसं आमची पुस्तकं वाचायला घेतात आणि त्यात स्वतःला शोधतात. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत आम्ही किती असतो? बहुतेक वेळा कोणाचं तरी मूल म्हणून, दोन पानं. मग आमच्या पुस्तकात आईवडील बाजूला राहिले तर इतकं काय बिघडलं? दिवसभर घरी-शाळेत मोठेच असतात. मला पुस्तकात माझ्या वयाचे लोक एकमेकांशी काय बोलतात ते वाचायचं असतं.

अॅडम सिल्व्हेराचं 'दे बोथ डाय अॅट द एंड' (२०१७) माझं सगळ्यात आवडतं. मध्यरात्रीनंतर फोन येतो की आज तुम्ही मरणार. माटेओ आणि रुफस दोघांनाही येतो, आणि एकमेकांना अजिबात न ओळखणारे ते दोघं तो शेवटचा दिवस बरोबर घालवतात. शेवट नावातच आहे, तरी मी शेवटच्या पानापर्यंत नाही-नाही म्हणत होते. त्यात रुफसचं कुटुंब आधीच गेलंय, माटेओची आई त्याच्या जन्माच्या वेळी गेली आणि बाबा कोमात आहेत. तुमच्या हिशेबाने हे सोयीचं झालं. पण माटेओ बाबांचा निरोप घ्यायला जातो आणि ते ऐकू शकत नाहीत, तेव्हा ते बेशुद्ध बाबा मला कितीतरी बोलणाऱ्या बाबांपेक्षा खरे वाटले. त्याच्या सगळ्या घाबरण्यात तेच आहेत.

दुसरं, रेबेका रॉसचं 'डिव्हाइन रायव्हल्स' (२०२३). एका वर्तमानपत्रात काम करणारे दोघं प्रतिस्पर्धी, देवांचं युद्ध चाललेलं, आणि जादूच्या टाइपरायटरवर लिहिलेली पत्रं कपाटाच्या दाराखालून सरकवली की दुसरीकडे पोचतात. लोक याला नुसतं रोमान्स म्हणून बाजूला ठेवतात, त्याचं वाईट वाटतं. आयरिसचा भाऊ युद्धावर गेलाय, आई पिते, आणि ती शाळा सोडून कमावते. सुरुवातीची ती पानं वाचताना मला प्रेमकथेची आठवणसुद्धा नव्हती. ती लिहिते कारण भावाचं पत्र येत नाही. फक्त ते पुस्तक ऐन मोक्याला थांबतं, दुसरा भाग हाताशी ठेवा!

'द हेट यू गिव्ह' मात्र मी अजून वाचलेलं नाही. मोठे लोक सारखं वाच-वाच म्हणतात म्हणून राहिलं.

खिडकीपाशी

कवितेतल्या कादंबऱ्यांबद्दल कोणी विस्ताराने बोललं नाही, म्हणून लिहितो.

एलिझाबेथ अॅसेव्हेडोची 'द पोएट एक्स' (२०१८). हार्लेममध्ये राहणारी झिओमारा, डोमिनिकन कुटुंब, घरात आईचा कडक धर्म. मुलगी वहीत कविता लिहिते आणि आईच्या हाती ती वही लागते. तो प्रसंग मी इथे सांगणार नाही, ज्यांनी वाचलाय त्यांना माहीत आहे. मुलगी कविता म्हणत राहते आणि आई प्रार्थना. दोघींचे शब्द एकाच पानावर, एकमेकींना न ऐकता. गद्यात हे लिहिलं असतं तर कोणीतरी आधी बोललं असतं आणि कोणीतरी नंतर. कवितेत दोघी एकदम बोलू शकतात. आणि शाईचा_डाग यांच्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं: या आईला स्वतःला नन व्हायचं होतं. लग्न तिच्यावर लादलं गेलं. अॅसेव्हेडो ते मोजक्या ओळींत सांगते, पण ते कळल्यावर आईच्या प्रत्येक शिक्षेचा अर्थ बदलतो. शिक्षा कमी क्रूर होत नाही. वस्तीतल्या चर्चचे पाद्री फादर शॉन हेही लक्षात राहिले. मुलीच्या मनात श्रद्धेबद्दल प्रश्न आहेत हे ओळखून ते तिला घाई करत नाहीत. धर्मगुरू म्हणजे खलनायक ही सोपी वाट लेखिकेने घेतली नाही.

आणि जेसन रेनॉल्ड्सची 'लाँग वे डाउन' (२०१७). भावाचा खून झालाय. पंधरा वर्षांचा विल कमरेला पिस्तूल खोचून लिफ्टमध्ये शिरतो. वस्तीचे नियम तीन: रडायचं नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा. लिफ्ट खाली येईपर्यंत, म्हणजे जेमतेम एका मिनिटात, सगळी कादंबरी घडते. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबते आणि कोणीतरी मेलेलं आत येतं. त्यात काका आहेत, वडील आहेत. विलच्या आयुष्यातले मोठे पुरुष आधीच संपलेले आहेत आणि त्याच तीन नियमांनी संपलेले आहेत. गच्चीवरची, तू म्हणतेस तसं इथेही मोठे 'नसलेले' आहेत. पण ते येऊन बोलतात, सिगरेट ओढतात, आणि वडिलांनी स्वतःच्या सूडात काय केलं ते विलला तिथे पहिल्यांदा कळतं. पानावर शब्द इतके थोडे आहेत की मोकळी जागाच धूर वाटू लागते. एका बैठकीत वाचून होतं. ज्या मुलांना जाड पुस्तकाची धास्ती वाटते त्यांच्या हातात मी पहिल्यांदा हेच देईन.

तिसरी_घंटा

फँटसी-विज्ञानकथेत मोठी माणसं सापडत नाहीत असं वर आलंय. शिक्षक शोधा, तिथे ती असतात.

नील शुस्टरमनच्या 'साइद'मध्ये (२०१६) मृत्यू जिंकलेला आहे. रोग नाही, म्हातारपण नाही, वय हवं तेव्हा एकविशीपर्यंत मागे नेता येतं. लोकसंख्या आटोक्यात ठेवायला काही नेमलेले लोक माणसं मारतात, त्यांना साइद म्हणतात. सिट्रा आणि रोवन ही दोन मुलं अशाच एका साइदकडे, फॅराडेकडे, शिकायला जातात. तो प्रत्येक मारलेल्या माणसाचं ओझं घेऊन जगतो. दुसरा, गॉडर्ड, त्याला मारण्यात मजा येते. दोन गुरू आणि मध्ये दोन मुलं. प्रकरणांच्या मधे साइदांच्या रोजनिशीची पानं येतात, म्हणजे मोठ्यांना त्यांचा स्वतःचा आवाज आहे. आणि बघा, ज्या जगात आजी-आजोबाही पंचविशीचे दिसू शकतात तिथे मोठं असण्याला काय अर्थ उरतो, हा प्रश्न शुस्टरमन फार गंभीरपणे घेतो. रोवनच्या गजबजलेल्या घरात त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही, त्याचं कारणही तेच.

कॉलिन्सचंच 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (२०२०) याला जोडून वाचा. 'हंगर गेम्स'मधला हुकूमशहा स्नो इथे अठरा वर्षांचा आहे, आणि त्याची गुरू डॉ. गॉल. तो क्रूर जन्मला नाही. एक हुशार बाई त्याला प्रश्न विचारत विचारत तिथे नेते. मला ते 'सनराइझ'पेक्षा जास्त धाडसी पुस्तक वाटतं. वाचक स्नोच्या डोक्यात बसलेला असतो आणि त्याची कारणं त्याला कुठे कुठे पटू लागतात.

शाईचा_डाग

सगळ्यांचं वाचलं, काही पुन्हा वाचलं.

दुपारचा_वाचक, पिपच्या तिसऱ्या भागाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. तरी रहस्यकथेत मोठ्यांना बाजूला काढणं ही पूर्वअट आहे हे मी मानत नाही. माझ्याकडे उलट उदाहरण आहे: अँजेलिन बूलीची 'फायरकीपर्स डॉटर' (२०२१). मिशिगनमधलं सू सेंट मेरी, ओजिब्वे जमात, आईस हॉकी, आणि तरुण मुलांचा जीव घेणारं मेथ नावाचं अमली द्रव्य. अठरा वर्षांची डॉनिस एफबीआयची खबरी होते. म्हणजे मोठे इथे तपासापासून दूर नाहीत, उलट तेच एका मुलीला तपासात ढकलतात, आणि बूली त्याबद्दल त्यांना जाब विचारते. दुसऱ्या बाजूला जमातीतले वृद्ध आहेत, ज्यांच्यासोबत डॉनिस वेळ घालवते. त्यांना पूर्वीचं जे माहीत आहे त्यावाचून कोडं सुटत नाही. मोठे भरपूर आहेत, आणि तरीही तपास डॉनिसचाच राहतो. पहिली शंभर पानं संथ आहेत, नाती आणि माणसं समजून घ्यायला वेळ लागतो. नेट लावा.

तिसरी_घंटा, फॅराडे माझ्या यादीत यायलाच हवा. 'सनराइझ'बद्दल मात्र मी ठाम आहे, आणि ते बीटीमुळे. जो बीटी आपल्याला आधीच्या पुस्तकांत चष्मा लावलेला, यंत्रांत रमलेला म्हणून माहीत होता, त्याचा बारा वर्षांचा मुलगा या रिंगणात आहे, आणि ती बापाला दिलेली शिक्षा आहे. हेमिच स्वतः पोरगा असून त्या बापाकडे पाहतो. स्नोच्या डोक्यात बसणं धाडसाचं आहे, हे मान्य. बीटीसमोर उभं राहणं मला जास्त जड गेलं.

गच्चीवरची, तुझं म्हणणं मी आमच्या गटात वाचून दाखवणार आहे. तुमच्या पुस्तकात आधी तुम्हीच असायला हवं, यात शंका नाही. माझा आग्रह एवढाच, की मुलांना घडवणारी, अडवणारी माणसं पुठ्ठ्याची असली की मुलांचा लढाही पुठ्ठ्याचा होतो. माटेओचे बाबा एक शब्द न बोलता पुठ्ठ्याचे नाहीत, हे तूच दाखवलंस. आयरिसच्या आईबद्दलही तू जे लिहिलंस ते वाचून मी ते पुस्तक मागवलंय.

'लाँग वे डाउन' आम्ही पुढच्या बैठकीला घेतोय. मोठ्याने वाचणार आहोत, एकेका मजल्याला एकेक जण.

गच्चीवरची

थँक्यू काकू. मग एक सांगा, 'द हेट यू गिव्ह' आणि 'काँक्रीट रोझ' दोन्ही वाचायची ठरवली तर आधी कुठलं? गोष्टीच्या क्रमाने 'काँक्रीट रोझ' आधी येतं ना, सतरा वर्षांपूर्वीचं आहे.

शाईचा_डाग

आलं त्याच क्रमाने वाच, आधी 'द हेट यू गिव्ह'. मॅव्हरिक आधी तुला बाप म्हणूनच भेटायला हवा: मुलांना शिस्त लावणारा, दुकान सांभाळणारा, सगळं माहीत असल्यासारखा वागणारा. मग 'काँक्रीट रोझ'मध्ये तो हातात बाळ घेऊन काय करावं ते न कळून उभा असेल, तेव्हा तो पुढे कोण होणार हे तुला माहीत असेल आणि त्याला नसेल. उलट क्रमाने वाचलंस तर हे हुकेल. आणि कार्लोसबद्दल काय वाटलं ते इथे येऊन लिही. आमच्या गटात त्याच्यावरून अजून दोन तट आहेत.